तागाचा पीळ आणि गच्चीवरची डिश

भवानी पेठेतल्या गच्चीवरच्या डिशमध्ये उभ्या आणि आडव्या, दोन्ही पोलरायझेशनच्या लहरी येतात. रिसीव्हरने १३ व्होल्ट दिले की उभी, १८ दिले की आडवी. एकाच केबलवर काम भागतं.

सूक्ष्मलहरींच्या पोलरायझेशनवर कलकत्त्यात मूलभूत काम केलं जगदीशचंद्र बोस (१८५८-१९३७) यांनी. १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले, पण भारतीय म्हणून पगार कमी! तीन वर्षं तो घेतलाच नाही, शिकवणं मात्र सोडलं नाही. शेवटी थकबाकीसह पूर्ण पगार मिळाला. धड लॅबही नव्हती. मग रेल्वे टाइमटेबलच्या पानांत कथलाचा वर्ख घालून त्यांनी पोलरायझर बनवला. १८९८ मध्ये पिळलेल्या तागातून लहरीचं पोलरायझेशन फिरवून दाखवलं. सुताचा पीळ तर सोलापूरकरांच्या ओळखीचा! तेव्हा सामान नाही म्हणून प्रोजेक्ट अडवू नका.