ल्युकामास्तर आणि एकोणचाळीस अंकी संख्या

एदुआर ल्युका यांचा जन्म १८४२ साली उत्तर फ्रान्समधील आमियां या गावी झाला. पॅरिसला शिक्षण झाल्यावर ते तेथील वेधशाळेत ल व्हेरिए या विख्यात ज्योतिर्विदाच्या हाताखाली राहिले. १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात तोफखान्यात अधिकारी होते. परतल्यावर मात्र जन्मभर मास्तरकी केली.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांवाचून कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या, एवढे आपणा कला शाखेच्या मंडळींनाही आठवत असेल. आता १२७ वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा. उत्तर येते १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही संख्या मूळ आहे, असे मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली पुराव्यावाचून लिहून ठेवले होते. भागून पाहावे तर वीस अंकी भाजकांपर्यंत जावे लागते. जन्म पुरायचा नाही.

ल्युकांनी १८७६ साली भाजक शोधण्याचा नादच सोडला. त्यांची रीत १२७ या लहान संख्येवर पाहू. (सात वेळा २ चा गुणाकार, उणे १, म्हणजे १२७.) आरंभ ३ ने करायचा. वर्ग करून २ वजा करायचे, आणि उत्तर १२७ हून मोठे झाले की १२७ ने भागून बाकी तेवढी ठेवायची. ३, ७, ४७, ४८, १६, ०. सातांहून एक कमी, म्हणजे सहाव्या जागी शून्य आले की संख्या मूळ! त्या अवाढव्य संख्येसाठी हेच सव्वाशे वेळा करायचे. त्याकरिता त्यांनी बुद्धिबळासारखा १२७ घरे लांब-रुंद पट योजला. संख्या दोनच्या पटींत मांडायची. एका स्तंभात दोन सोंगट्या जमल्या की त्या उचलून डावीकडे एक ठेवायची. डाव्या काठाबाहेर गेलेली सोंगटी उजव्या काठाला परत घ्यायची. एवढ्यात भागाकार उरकतो! मला तर ही युक्ती मूळ सिद्धांताइतकीच मोलाची वाटते.

मेर्सेनची एक चूकही त्यांनी उघडी पाडली. १२७ ऐवजी ६७ घेतल्यास येणारी संख्या मूळ नाही. भाजक कोणते, हे मात्र रीत सांगत नाही. ते १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ आहेत, हे अमेरिकेतील कोल यांनी १९०३ मध्ये दाखवले.

‘हनोईचा मनोरा’ हे खेळणेही ल्युकांचेच. १८८३ साली ते त्यांनी आपल्या नावाची अक्षरे उलटसुलट करून घेतलेल्या टोपणनावाने बाजारात आणले. सोबतच्या कथेत काशीच्या देवळातले पुजारी सोन्याच्या चौसष्ट चकत्या हलवीत असतात. कथा कल्पित, पण हिशेब खरा. त्याला १८४४६७४४०७३७०९५५१६१५ खेपा लागतात.

१८९१ साली विज्ञान परिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून बशा पडल्या आणि एक कपची उडून ल्युकांच्या गालाला लागली. जखम चिघळली, विसर्प झाला आणि ३ ऑक्टोबरला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या गणिती मनोरंजनाच्या चार खंडांपैकी शेवटचे दोन त्यांच्या मागे निघाले.

त्यांची संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. यंत्राची मदत न घेता तिच्याहून मोठी मूळ संख्या आजवर कोणी सिद्ध केलेली नाही.