साने गुरुजी : विठूमाउलीच्या दारातील लेकरू

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळ जण येथून पुढे पंढरपूरला जातात. चंद्रभागेचे स्नान करून, नामदेव पायरीला मस्तक टेकवून आणि समोरच असलेल्या चोखोबांच्या समाधीचे दर्शन घेऊन ते महाद्वारातून आत प्रवेश करतात. आज हा प्रवेश सर्वांना सहजसुलभ आहे. परंतु ज्या चोखोबांची समाधी त्या द्वारापाशी आहे, त्यांच्या ज्ञातिबांधवांना १९४७ सालापर्यंत ते द्वार बंद होते. ते उघडावे म्हणून ज्यांनी आपले प्राण पणास लावले, ते पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच आपणा सर्वांचे साने गुरुजी.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, परंतु वैभव ओसरत चाललेले. पुढे तर कर्जापायी राहत्या घरालाही मुकावे लागले. वडील सदाशिवराव आणि मातोश्री यशोदाबाई यांनी मुलाचे नाव ठेवले पांडुरंग. पुढील आयुष्यात हे नाव कसे सार्थ झाले, हे वाचकांना दिसेलच.

मातोश्रींच्या शिकवणुकीचे प्रसंग गुरुजींनी ‘श्यामची आई’ या ग्रंथात सांगितले आहेत. स्नानानंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलापुढे आईने आपला पदर पसरला, आणि पायांना जसा जपतोस तसा मनालाही घाण लागू नये म्हणून जप, असे समजावले, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. विहिरीत पोहावयास घाबरून लपून बसलेल्या श्यामला तिने शिंपटीने मारून पाठविले, कारण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सहन होणारे नव्हते. याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे, त्याकडे मात्र भाविकांचे लक्ष सहसा जात नाही. रस्त्यात एक वृद्ध महार स्त्री लाकडांची मोळी खाली पडल्याने अगतिक होऊन बसली होती. विटाळाच्या भयाने कोणी पुढे होईना. आईने श्यामला सांगितले की, तू जाऊन तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन स्नान कर.

त्या काळच्या कोकणातील एका ब्राह्मण गृहिणीने एवढे सांगणे ही सामान्य गोष्ट नव्हती. तिने रूढी मोडली नाही, पण दयेला रूढीच्या पुढे बसविले. मुलगा मोठा झाला तेव्हा त्याने मोळी उचलण्याचे काम तेवढे चालू ठेवले. नंतरच्या स्नानाची गरज त्याला वाटेनाशी झाली. आमच्या मते गुरुजींच्या साऱ्या चरित्राचे मर्म येथेच सापडते. बहुतेक माणसे वय वाढते तसे लहानपणी ऐकलेले चांगले शब्द व्यवहाराच्या हिशेबात बसवून घेतात. गुरुजींना तो हिशेब कधी जमला नाही. आईने सांगितले की सारे देवाला प्रिय, म्हणजे सारेच प्रिय. त्यात अपवाद कसा असेल, असा त्यांचा लहान मुलासारखा सरळ प्रश्न होता.

१९१७ साली मातोश्री निवर्तल्या. अंतकाळी गुरुजींना आईजवळ पोहोचता आले नाही, आणि ते शल्य त्यांना जन्मभर राहिले. दापोली, औंध, पुणे असे ठिकठिकाणी, प्रसंगी अर्धपोटी राहून त्यांनी शिक्षण पूर्ण केले. १९२४ साली ते खानदेशातील अमळनेर येथे प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडणे, विस्कटलेले अंथरूण नीट करणे, मळके कपडे धुऊन ठेवणे ही कामे ते मुकाट्याने करीत. रागे भरण्यापेक्षा हा उपाय अधिक लागू पडला, असे दिसते. कारण पुढे मुले आपापली कामे स्वतःच करू लागली. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही ते काढीत.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतरचा मोठा काळ तुरुंगात गेला. १९३२ साली धुळे येथील कारागृहात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील बंदिवानांच्या सहवासात ते तमिळ शिकले. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. तेहतीस वर्षांचा तो सत्याग्रही दगडी भिंतींच्या आत बसून पुन्हा पालगडचा श्याम झाला होता.

गुरुजी स्वभावाने अत्यंत हळवे व संकोची होते. डोळ्यांत पाणी यावयास त्यांना वेळ लागत नसे, आणि त्याबद्दल त्यांची थट्टाही होई. त्यांना केवळ रडवे ठरविणाऱ्यांनी पंढरपूरचा प्रसंग एकदा नीट पाहावा.

स्वातंत्र्य दृष्टिपथात आले होते, तरी विठ्ठलाचे दार सर्वांना उघडलेले नव्हते. देश स्वतंत्र होत असताना महाराष्ट्राची माउली काही लेकरांना पारखी राहावी, हे गुरुजींना असह्य झाले. १९४६ च्या अखेरीस त्यांनी उपोषणाचा निश्चय जाहीर केला. आधी लोकमत तयार करावे, अशा सेनापती बापट यांच्या आग्रहामुळे त्यांनी तो पुढे ढकलला आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासह महाराष्ट्राचा दौरा केला. गावोगावी सभा झाल्या. अनेक ठिकाणची मंदिरे व पाणवठे त्या दौऱ्यात सर्वांसाठी खुले झाले. पंढरपूरचे बडवे मात्र राजी होईनात.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात गुरुजींचे प्राणांतिक उपोषण सुरू झाले. त्यांना जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. वारकरी परंपरेतील एका मठाने हे धाडस दाखविले, ही गोष्ट आपण भाविकांनी अभिमानाने स्मरावी अशी आहे. विरोध अर्थातच तीव्र होता. सनातनी मंडळींना हा धर्मावरील घाला वाटला. त्याहून कठीण गोष्ट अशी की, खुद्द महात्मा गांधींनाही हे उपोषण पटले नव्हते आणि ते थांबवावे असे त्यांनी तारेने कळविले. गुरुजींनी ज्यांना दैवतासमान मानले, त्यांचाच हा निरोप! तरीही ते नम्रपणे आपल्या निश्चयावर राहिले.

याला कोणी बालहट्ट म्हणेल. हट्ट तो होताच. पण लेकराचा हट्ट बहुधा स्वतःसाठी असतो. येथे मात्र ज्याला स्वतःला घरात जाण्यास कसलीच आडकाठी नव्हती, तो बाहेर राहिलेल्या भावंडांसाठी दारात अन्न सोडून बसला होता. आई आत आहे आणि ती दार उघडल्यावाचून राहणार नाही, हा त्याचा विश्वास होता. हा विश्वास नसता, तर सत्तेचाळीस वर्षांच्या त्या कृश देहात एवढे बळ कोठून आले असते?

मध्यवर्ती कायदेमंडळाचे तत्कालीन अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली. बडव्यांनी मंदिर खुले करण्यास मान्यता दिली, आणि दहाव्या दिवशी, १० मे १९४७ रोजी, उपोषणाची सांगता झाली. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

पुढील काळ गुरुजींना सुखाचा गेला नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातील निघाला, याचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातील निरनिराळ्या भाषिकांनी एकमेकांच्या भाषा शिकून जवळ यावे, या हेतूने ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. परंतु मनातील खिन्नता वाढत गेली आणि ११ जून १९५० रोजी मुंबई येथे त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. अनेक चरित्रांत या गोष्टीचा उल्लेख टाळलेला आढळतो. तो टाळू नये असे आम्हांस वाटते. इतके कोवळे मन घेऊन मोठ्यांच्या जगात वावरणे किती जड असते, हे त्यांच्या भोवतीच्या माणसांच्याही वेळीच ध्यानात आले नाही. आपल्या घरातील, शेजारातील अशा मनांची विचारपूस करावी. त्यांना एकटे पडू देऊ नये.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’वर काढलेल्या चित्रपटास १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पालगड (तालुका दापोली) येथील गुरुजींचे जन्मघर स्मारक म्हणून जतन केलेले आहे, आणि रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. पंढरपूरला जाणाऱ्या भाविकांनी दर्शन झाल्यावर सवड काढून तनपुरे महाराजांच्या मठातही जाऊन यावे. सोबत मुले असल्यास, ते दहा दिवस तेथे काय घडले, हे त्यांना तेथेच बसून सांगावे.