पंडिता रमाबाईंनी उघडलेले दार

आमचे घर दारव्ह्याला होते. मी सहावीत असताना एका रात्री शेजारची सून आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. ओठ फुटलेला, कडेवर लहान मूल. आईने तिला आत घेतले, हळद लावली, जेवू घातले. सकाळी गल्लीतली जाणती माणसे जमली आणि समजूत घालून तिला परत पाठवायचे ठरले. तिचे गाठोडे मीच तिच्या दारापर्यंत नेऊन दिले. माहेर दूर, हाती पैसा नाही. ती दुसरीकडे जाणार तरी कुठे?

हा प्रश्न किती जुना आहे, हे पुढे पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना मला कळले.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने लेकीला. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी देश पालथा घालत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या; तिथे त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला. दोनच वर्षांत त्या विधवा झाल्या, पदरी तान्ही मनोरमा.

पुण्यात आर्य महिला समाज काढून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल दिला, तेव्हा रमाबाई अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची दैना लोकांना सांगून निधी गोळा करीत होत्या. तुरुंग आणि सासर यांखेरीज तिसरी जागा त्यांना उभारायची होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. पण १८९३ साली सदनात धर्मांतर होते, या आरोपावरून वादळ उठले. सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची शंका मी समजू शकतो. तरीही परत नेलेल्या त्या विधवा मुलींचा विचार मनातून जात नाही. मला ते गाठोडे आठवते.

रमाबाईंनी दार मिटले नाही. १८९६-९७च्या दुष्काळात आमच्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली आणल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन वाढत गेले. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे तिथे बायकाच करू लागल्या. नुसते छप्पर देऊन भागत नाही, हातात कमाई नसेल तर बाई पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाते, हे त्यांनी ओळखले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

आज २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. सखी केंद्रांतून काही दिवसांचा निवारा, उपचार आणि कायद्याचा सल्ला मिळतो; १८१ हा दूरध्वनी आहे. त्या काही दिवसांनंतर काय, हा रमाबाईंचा प्रश्न मात्र उरतोच.

तुमच्या अंगणात कधी अशी कुणी उभी राहिली, तर आईसारखे तिला आत घ्या. सकाळी मात्र चार माणसे जमवण्याआधी, कुठे जायचे आहे, हे तिलाच विचारा. आम्ही ते विचारले नव्हते.