पणजीतल्या ज्या पुतळ्याला लोक मांत्रिक समजतात, त्यानेच संमोहनातली जादू खोटी ठरवली होती

गोव्याची ट्रिप ठरली की हातकणंगले, इचलकरंजी, कोल्हापूर या पट्ट्यातली पोरं पहाटेच गाडी काढतात. आधी बीच, मग पणजी. तिथं मांडवीच्या काठाला, जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. झगा घातलेला एक माणूस दोन्ही हात पुढं पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई कोसळल्यासारखी मागं झुकली आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा कुणीतरी मांत्रिक असणार. मग एक सेल्फी होतो आणि मंडळी पुढं सरकतात.

पण खरी गोष्ट बरोबर उलटी आहे.

हा माणूस म्हणजे आबे फारिया. पूर्ण नाव जुझे कुस्तोदियो दे फारिया. आबे म्हणजे फ्रेंच भाषेत धर्मगुरू. जन्म १७५६ चा, गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या कांदोळीचा.

जुझे लहान असतानाच आई-वडील वेगळे झाले. आई जुन्या गोव्यातल्या मठात जोगीण झाली, वडील पाद्री झाले. १७७१ मध्ये वडील पंधरा वर्षांच्या पोराला घेऊन लिस्बनला पोहोचले. पुढं जुझे रोममध्ये शिकला आणि १७८० मध्ये स्वतः पाद्री झाला.

याच काळातला एक किस्सा गोव्यात आजही सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला फारिया उभा राहिला आणि समोरची बडी मंडळी बघून त्याची बोबडी वळली. तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत सांगितलं की ही सगळी भाजी आहे असं समज आणि काप. झालं, भीती पळाली आणि प्रवचन जोरात झालं. दोन शब्दांनी माणसाचं मन असं कसं बदलतं, हा प्रश्न फारियाला इथूनच पडला, असं म्हणतात.

त्या वेळी गोव्यातल्या स्थानिक पाद्र्यांना मोठ्या जागा मिळत नव्हत्या, त्या गोऱ्यांसाठीच असायच्या. या रागातून १७८७ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध पिंटोंचा उठाव ठरला, पण तो आधीच फुटला. अनेकांना फाशी झाली. लिस्बनमध्ये फारिया बाप-लेकावरही संशय आला. जुझेनं १७८८ मध्ये पॅरिस गाठलं.

पॅरिसमध्ये तेव्हा मेस्मर या डॉक्टरच्या उपचारांची हवा होती. शरीरातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो, तो आपण हातानं वळवला की रोग बरा होतो, असा त्याचा दावा. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. त्यांनी प्रयोग केले आणि सांगितलं की असा प्रवाह वगैरे काही नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे. विषय तिथंच संपल्यासारखा झाला.

फारिया मात्र पुढचा प्रश्न विचारत होता. प्रवाह नाही हे मान्य, पण मग लोकांवर परिणाम होतो तो कशामुळं?

१८१३ पासून तो पॅरिसमध्ये तिकीट लावून जाहीर प्रयोग करायला लागला. समोरच्याला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटून मन एका जागी आणायला सांगायचं आणि ठाम आवाजात झोपायची आज्ञा द्यायची. चुंबक नाही, मंत्र नाही. त्याचं म्हणणं सोपं होतं: ताकद माझ्या हातात नाही, समोरच्याच्या मनात आहे. त्यानं मन एकाग्र केलं नाही, तर मी काहीच करू शकत नाही.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. काही जण लवकर या अवस्थेत जातात, कारण त्यांचं रक्त पातळ असतं, असं तो मानायचा. ते विज्ञानात टिकलं नाही. पण मूळ मुद्दा टिकला.

तेव्हा मात्र हा मुद्दा कुणालाच पटला नाही. चुंबकवाले चिडले, कारण त्यानं त्यांची शक्तीच काढून घेतली. चर्चला यात सैतान दिसला. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टर उडवणारं नाटक आलं. प्रयोग बंद पडले. शेवटी मुलींच्या एका शाळेत पाद्री म्हणून नोकरी करत त्यानं आपलं पुस्तक लिहिलं. १८१९ मध्ये ते आलं आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो वारला. त्याच्या कबरीवर साधं नावही नव्हतं.

पुढं अलेक्झांडर द्युमानं द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो कादंबरीत आबे फारिया नावाचा कैदी रंगवला. नाव जगभर झालं, पण कादंबरीतलं पात्र म्हणून.

न्याय उशिरा मिळाला. १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या डॉक्टरनं हिप्नॉटिझम हा शब्द रूढ केला. नंतर फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी सूचनेचा सिद्धांत मांडला, तो फारियाच्या वाटेनंच जाणारा होता. १९४५ मध्ये पणजीत पुतळा उभा राहिला, शिल्पकार गोव्याचेच रामचंद्र पांडुरंग कामत.

आज काय? ब्रिटनच्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९५५ मध्ये आणि अमेरिकेच्या संघटनेनं १९५८ मध्ये संमोहनाचा वैद्यकीय वापर मान्य केला. वेदना, चिंता, औषधांना दाद न देणारा आयबीएस हा आतड्यांचा त्रास, अशा ठिकाणी इतर उपचारांच्या जोडीला ते वापरतात. यात माणूस बेशुद्ध नसतो. लक्ष एका जागी आणलेलं असतं आणि मनाविरुद्ध काही करायला तो बांधील नसतो. सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही. शिवाय संमोहनात आठवलेली गोष्ट खरी असेलच, याची खात्री नसते. म्हणून हे काम प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाचं किंवा मानसशास्त्रज्ञाचं.

त्यामुळं उद्या कुणी बाबा किंवा रीलवाला सांगू लागला की माझ्या नजरेत शक्ती आहे, अमुक हजार भरा आणि बरे व्हा, तर पणजीतला हा पुतळा आठवा. शक्ती आपल्यात नाही हे कबूल करून स्वतःचा धंदा बुडवून घेणारा माणूस तिथं उभा आहे.