रोझालिंड फ्रँकलिन : डीएनएचा फोटो मिळवणाऱ्या शास्त्रज्ञ

रोझालिंड फ्रँकलिन यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमध्ये झाला. केंब्रिजला त्या रसायनशास्त्र शिकल्या. युद्धकाळात त्यांनी कोळशावर संशोधन केलं. पुढे पॅरिसला क्ष-किरणांनी पदार्थाची आतली रचना शोधायचं तंत्र शिकून घेतलं.

१९५१ मध्ये त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी डीएनएचं प्रसिद्ध 'छायाचित्र ५१' मिळवलं. सहकारी विल्किन्स यांनी ते रोझालिंडना न विचारताच वॉटसनना दाखवलं. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची पिळदार शिडी जगापुढे मांडली.

या शिडीत 'ए'समोर 'टी' आणि 'जी'समोर 'सी' अशाच जोड्या लागतात. म्हणजे एक बाजू कळली की दुसरी कळलीच! जीनोम सिक्वेन्सिंगच्या बहुतेक पद्धती यावरच चालतात. एका बाजूसमोर नवी बाजू जुळवत न्यायची आणि कोणतं अक्षर बसलं ते टिपत जायचं. आनुवंशिक आजार शोधायला, कोरोनाचे नवे प्रकार ओळखायला हेच तंत्र उपयोगी पडलं.

नंतर रोझालिंड विषाणूंच्या रचनेकडे वळल्या. पण १६ एप्रिल १९५८ रोजी, अवघ्या ३७ व्या वर्षी, कर्करोगाने त्या गेल्या. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं.

फळ्यावर डीएनएची शिडी काढताना आपण वॉटसन-क्रिक लिहितो. शेजारी रोझालिंड यांचंही नाव लिहूया. मुलं विचारतील, या कोण? तिथूनच धडा सुरू करता येईल.