शेवटच्याला पहिला मान

अमेरिकेतील फिलाडेल्फिया हे जुन्या, मानी घराण्यांचे शहर. तेथील बेल कुटुंबात २५ फेब्रुवारी १८९५ रोजी एक मुलगा जन्मला. आईच्या माहेरचे मोठेपण दिसावे म्हणून त्याचे नाव डी बेनव्हिल ठेवण्यात आले. वडील नाणावलेले वकील. पुढे ते पेनसिल्व्हेनिया राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल झाले. भाऊ जॉन तर १९४७ साली थोडे दिवस का होईना, त्या राज्याच्या गव्हर्नरच्या खुर्चीत बसून आला. अशा घरातील मुलाला ते भारदस्त नाव मात्र कधी मानवले नाही. जगाने त्याला बर्ट बेल म्हटले आणि त्याच नावाने तो तिकडे घरोघर ठाऊक आहे.

या परक्या गृहस्थाचे चरित्र इंदूरच्या वाचकांना का सांगावे, हा प्रश्न रास्त आहे. मी राहतो म्हापशाला. नातू येथे पेड्याच्या क्रीडासंकुलात बास्केटबॉल खेळतो. दर जूनमध्ये, बाहेर पाऊस कोसळत असताना, हा मुलगा पहाटे साडेपाचला उठून अमेरिकेतील बास्केटबॉल लीगची नव्या खेळाडूंची वार्षिक निवड पाहत बसतो. तिला ते लोक ड्राफ्ट म्हणतात. चेंडू नाही, मैदान नाही. नवे कपडे घातलेली उंच उंच मुले आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत बसलेली. प्रथम मला ते उपवर मुलांचे संमेलनच वाटले. मग हळूहळू त्यातले मर्म ध्यानात आले, आणि ही युक्ती काढली कोणाच्या डोक्याने, हे शोधता शोधता मी बेलपर्यंत पोहोचलो.

मर्म असे की, गेल्या वर्षी ज्या संघांची दशा वाईट झाली, त्यांना नव्या मुलांतून आधी निवडण्याचा मान. विजेता येतो शेवटी. आमच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची, मोयऱ्याची केळी, हंगामात मानकुराद आंबा, सगळे असते. पण किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांचे लोक भरल्या पाकिटाने सकाळीच येऊन उत्तम माल उचलतात आणि पेन्शनर माणसाच्या वाट्याला उरलेला येतो. समजा, एखाद्या शुक्रवारी नगरपालिकेने हुकूम काढला की ज्याची पिशवी गेल्या खेपेला रिकामी राहिली त्याने पहिली टोपली उचलावी, मग त्याच्या वरच्याने, आणि हॉटेलवाल्याने सर्वांत शेवटी. तर जे होईल तेच हे. फरक एवढाच की येथे टोपलीत माणसे असतात.

आपल्या इंदूरची रीत याच्या नेमकी उलट होती, आणि तिचे वैभव मी मल्हारगंजातल्या मामांच्या तोंडून लहानपणी पुष्कळ ऐकले आहे. सी. के. नायडूंना होळकर दरबाराने १९२३ साली बोलावून आणले, लष्करात हुद्दा दिला. पुढे यशवंतरावांच्या काळात मुश्ताक अली, सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशी माणसे होळकर संघात खेळली. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर युद्धामुळे हिंदुस्थानात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही होळकरांकडून उतरला होता. १९४५-४६ ते १९५२-५३ या अवधीत रणजी करंडक चार वेळा इंदूरला आला. यशवंत क्लबच्या मैदानाविषयी बोलताना मामांचा आवाज बदलत असे. पण ज्या संस्थानाची तिजोरी लहान, त्याने काय करावे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. बेलला पडला, कारण तो हरणाऱ्यांच्या बाजूला होता.

तरुणपणी मात्र हा मनुष्य कोणाला नियम घालून देईल असे कोणालाच वाटले नसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तो फुटबॉलच्या संघाचा क्वार्टरबॅक होता. (हा आपला फुटबॉल नव्हे. आमच्या बार्देशात शिवोलीला १८८३ साली फादर लायन्स यांनी आणला तो पायाने खेळायचा. अमेरिकन लोकांचा चेंडू लांबट आणि बराचसा हाताने फेकायचा.) १ जानेवारी १९१७ च्या प्रसिद्ध रोझ बोल सामन्यात त्याचा संघ ऑरेगनकडून १४-० असा हरला. महायुद्धात एका रुग्णालय-पथकाबरोबर तो फ्रान्सला जाऊन आला, परत येऊन संघाचा कप्तान झाला, आणि पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडला. पुढे काही वर्षे त्याने शिकवण्याचे, म्हणजे खेळ शिकवण्याचे, काम केले. बाकीचा वेळ मद्य, घोड्यांच्या शर्यती आणि पैजा. १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत बुडाला तेव्हा वडिलांनीच वर काढले. आपल्याकडच्या जहागीरदारांच्या मुलांची अशी चरित्रे वाचकांना नवी नाहीत.

त्याला माणसात आणले फ्रान्सिस अप्टन या रंगभूमीवरील नटीने. दारू सोडल्याशिवाय लग्न नाही, ही तिची अट. १९३२ साली त्याने दारू सोडली ती कायमची, आणि १९३४ च्या जानेवारीत लग्न झाले. त्याआधीच, १९३३ मध्ये, तिच्याकडूनच पैसे उसने घेऊन बेलने जुना सवंगडी लड रे याच्या भागीदारीत व्यावसायिक फुटबॉल लीगमधला फिलाडेल्फियाचा संघ २५०० डॉलरांना घेतला होता. मंदीचे दिवस होते. रूझवेल्ट सरकारच्या उद्योगधंदे सावरण्याच्या मोहिमेचे बोधचिन्ह निळा गरुड होते, त्यावरून संघाला ईगल्स हे नाव दिले. गरुडाने पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सकडून ५६-० असा मार खाल्ला.

त्यानंतर वर्षामागून वर्ष तेच. त्या वेळी लीगमध्ये न्यूयॉर्कचा संघ, शिकागोचा संघ, असे दोन-चार धनिक दरवर्षी वर असत. विद्यापीठातून तयार झालेला चांगला खेळाडू साहजिकच पैसा आणि कीर्ती असेल तिकडे जाई. त्यामुळे वरचे वरच राहत आणि खालच्यांचे प्रेक्षक आटत. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्का हा धिप्पाड गडी आपल्याकडे यावा म्हणून बेलने जिवाचे रान केले. पोराने सगळ्यांनाच झुलवत ठेवले आणि शेवटी त्या काळी भली मोठी वाटणारी रक्कम घेऊन ब्रुकलिनच्या संघात गेला. बेलचा डाव फसला, पण त्या फसण्यातूनच विचार सुचला.

१९ मे १९३५ च्या बैठकीत त्याने मालकांपुढे सूचना मांडली: विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची एक यादी करावी, आणि शेवटच्या क्रमांकाच्या संघापासून सुरुवात करून प्रत्येकाने आळीपाळीने एकेक नाव उचलावे. उचललेल्या खेळाडूशी इतरांनी बोलणे करू नये. मला मौज वाटते ती ही की, न्यूयॉर्कचा टिम मारा आणि शिकागोचा जॉर्ज हॅलास या दोघा बलिष्ठांनीही याला संमती दिली. ठराव एकमताने झाला. पुष्कळदा हा त्यांच्या मनाचा मोठेपणा म्हणून सांगितला जातो. मला त्यात व्यवहारही दिसतो. दुबळे संघ बुडाले तर बलिष्ठांनी खेळायचे कोणाशी? शिवाय एका खेळाडूमागे दोन संघ लागले की त्याची किंमत चढते. एकच गिऱ्हाईक राहिले की ती उतरते. हा हिशेब हॅलासला समजत नव्हता असे मानणे कठीण आहे.

पहिली निवड ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाली. याच हॉटेलात बेलने पूर्वी नोकरी केली होती. नऊ संघ, नऊ फेऱ्या, एकूण ८१ नावे. गेल्या हंगामात तळाला ईगल्सच होते, म्हणून पहिला मान युक्ती काढणाऱ्यालाच मिळाला. त्याने नाव घेतले शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे. त्या वर्षीचा देशातील सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडू म्हणून गौरवलेला हा मुलगा. पण बर्वँगरने मागितलेला पैसा बेलला परवडेना. त्याने आपला हक्क हॅलासला दिला. हॅलासलाही तो सौदा पटला नाही. बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता दुसऱ्या उद्योगात पडला. त्या वर्षीच्या ८१ पैकी बहुसंख्य मुले या धंद्यात आलीच नाहीत. मंदीतसुद्धा नियमित पगाराची नोकरी त्यांना अधिक भरवशाची वाटली.

बेलचे नष्टचर्य संपले नाही. १९३६ मध्ये रे बाजूला झाला आणि मालक, प्रशिक्षक, तिकिटे विकणारा, वर्तमानपत्रांना बातम्या पुरवणारा, सर्व काही बेलच झाला. त्या वर्षी बारा सामन्यांत एक विजय. पाच हंगामांत त्याच्या हाताखाली ईगल्सने दहा सामने जिंकले, चव्वेचाळीस गमावले. १९४१ मध्ये ईगल्स सोडून तो मित्र आर्ट रूनी याच्याबरोबर पिट्सबर्गच्या संघात गेला. पुढे १९४८ आणि १९४९ साली ईगल्सनी ओळीने दोन अजिंक्यपदे मिळवली. तोवर तो त्यांचा कोणीच नव्हता.

येथे एक गोष्ट न सांगता पुढे जाणे बरे नाही. समानतेचा हा नियम झाला त्या काळात, १९३४ पासून १९४५ पर्यंत, त्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. दुबळ्या संघाला पहिला मान होता. पण ज्या यादीतून निवडायचे त्या यादीतच काहींना जागा नव्हती, आणि बेल हा त्या मालकांपैकीच एक होता. ड्राफ्टमध्ये काळ्या खेळाडूचे नाव प्रथम पुकारले गेले ते १९४९ मध्ये, जॉर्ज टॅलिआफेरोचे. बास्केटबॉलमध्ये १९५० साली चक कूपरचे.

बास्केटबॉलवाल्यांनी ही पद्धत उचलली १९४७ मध्ये, त्यांची संघटना जेमतेम एक वर्षाची असताना. गंमत म्हणजे त्यांचाही पहिला निवडलेला खेळाडू, क्लिफ्टन मॅक्नीली, कधी त्या लीगमध्ये खेळलाच नाही. त्याने टेक्ससमध्ये शाळेच्या मुलांना खेळ शिकवण्याचे काम पत्करले. पुढे याच खेळात नियमाचा दोषही उघडा पडला. शेवटच्याला पहिला मान मिळतो असे कळल्यावर काही संघ मुद्दाम हरतात असा संशय येऊ लागला, आणि १९८५ पासून तळाच्या संघांत चिठ्ठ्या टाकण्याची प्रथा आली. पंजाबातील बल्लोके गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये बावन्नावा निवडला गेला. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. प्रत्यक्ष लीगच्या सामन्यात उतरण्याची संधी मात्र त्याला मिळाली नाही. आपल्याकडे इंडियन सुपर लीगने २०१४ साली फुटबॉलसाठी ड्राफ्ट भरवला तेव्हा गोव्याची कितीतरी मुले त्या यादीत होती. पुढे ती रीत येथे बंद पडली.

नातवाला मी विचारले, तुला गोव्यातच राहायचे असेल आणि नाव दुसऱ्याच गावाने पुकारले तर? तो म्हणाला, आजोबा, जावेच लागते. बेलला हा प्रश्न कोणी घरात विचारला होता की नाही, कोणास ठाऊक. कोर्टात मात्र तो आला.

जानेवारी १९४६ मध्ये बेल लीगचा कमिशनर झाला होता. सर्व सामन्यांचे वेळापत्रक तो घरी जेवणाच्या टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या मांडून करी. दुबळ्यांची गाठ आरंभी दुबळ्यांशीच पडावी आणि चुरस हंगामाच्या शेवटपर्यंत टिकावी, हा त्यातला कावा. पण खेळाडू आपल्या अटींवर मोकळा नाही ही तक्रार वाढत होती. बिल रॅडोविच नावाच्या खेळाडूने लीगवर खटला भरला आणि २५ फेब्रुवारी १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हा धंदाही मक्तेदारीविरुद्धच्या कायद्याखाली येतो. तो बेलचा बासष्टावा वाढदिवस होता. त्याच वर्षी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने खेळाडूंच्या संघटनेला मान्यता देऊन टाकली. मालक रागावले. त्यांच्यापैकी कित्येकांना त्याने आधी विचारलेही नव्हते. माझ्या मते त्याच्या आयुष्यातले सर्वांत धाडसाचे काम हे आहे, ड्राफ्ट नव्हे. ड्राफ्टमध्ये त्याचा स्वतःचा लाभ होता.

११ ऑक्टोबर १९५९ ला फ्रँकलिन फील्डवर ईगल्स आणि पिट्सबर्ग यांचा सामना होता. दोन्ही संघ एकेकाळी त्याचे. मैदानही तेच, ज्यावर तो विद्यार्थी असताना खेळला होता. मोठ्या लोकांसाठी राखलेल्या जागेत बसण्याची त्याला आवड नव्हती. तो स्वतःच्या पैशाने तिकीट काढून सामान्य प्रेक्षकांत बसला होता. खेळाची अखेरची काही मिनिटे उरली असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच तो गेला. सामना ईगल्सने जिंकला.