रोझा पार्क्स

मुलांनो, तुम्ही बसने प्रवास केला आहे ना? तिकीट काढायचे आणि रिकाम्या जागेवर बसायचे. पण केवळ तुमचा रंग काळा आहे म्हणून कोणी तुम्हांला जागेवरून उठवले तर? अमेरिकेच्या दक्षिण भागात पूर्वी असेच घडत असे. हा अन्याय नाकारणाऱ्या एका स्त्रीची ही हकीकत आहे.

रोझा यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९१३ रोजी अलाबामा राज्यातील टस्कीगी या गावी झाला. त्यांचे वडील सुतार होते. आई शिक्षिका होती. गोऱ्या मुलांना शाळेत नेण्यासाठी बस येई. काळी मुले पायी जात. छोटी रोझा रोज ती बस जाताना पाहत असे.

पुढे १९३२ साली रेमंड पार्क्स यांच्याशी त्यांचे लग्न झाले. माँटगोमेरी शहरातील एका मोठ्या दुकानात त्या शिवणकाम करत. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या त्या चिटणीसही होत्या.

त्या शहरात बसमधील पुढच्या जागा गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असत. काळ्या लोकांनी मागे बसायचे. पुढच्या जागा भरल्या, की मधल्या रांगेतील काळ्या लोकांनाही उठावे लागे.

१ डिसेंबर १९५५ हा दिवस होता. संध्याकाळी काम संपवून रोझाबाई बसमध्ये बसल्या. थोड्या वेळाने बस भरली. एक गोरा माणूस उभा राहिला. ड्रायव्हरने मधल्या रांगेतील चौघांना उठायला सांगितले. तिघे उठले. रोझाबाई उठल्या नाहीत. ड्रायव्हरने पोलिसांना बोलावले. पोलिसांनी त्यांना पकडून नेले. त्या दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे त्यांना मान खाली घालून जगण्याचा कंटाळा आला होता.

५ डिसेंबरला न्यायालयाने त्यांना दंड व खर्च मिळून १४ डॉलर भरायला सांगितले. त्याच दिवसापासून काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. मार्टिन ल्यूथर किंग या २६ वर्षांच्या तरुण धर्मोपदेशकाने त्यांचे नेतृत्व केले. महात्मा गांधींचा अहिंसेचा मार्ग त्यांना प्रिय होता. लोक मैलोन् मैल चालले. ज्यांच्याकडे मोटारी होत्या, त्यांनी इतरांना नेले-आणले. किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. रोझाबाईंची नोकरी गेली. तरीही कोणी माघार घेतली नाही. हा बहिष्कार ३८१ दिवस चालला.

चार काळ्या स्त्रियांनी या कायद्याविरुद्ध खटला भरला होता. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बसमधील भेदभाव संपला.

माँटगोमेरीत काम मिळेना, म्हणून १९५७ साली रोझाबाई डेट्रॉइटला गेल्या. तेथेही त्यांचे कार्य चालूच राहिले. २४ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या ठिकाणी त्यांना पकडले, तेथे १ डिसेंबर २००० रोजी त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय उघडले. तेथे त्या काळच्या बससारखी एक बस उभी आहे. तिच्या खिडक्यांतून त्या संध्याकाळचा प्रसंग पडद्यावर पाहता येतो.

मुलांनो, रोझाबाईंच्या हातात शस्त्र नव्हते. त्या फक्त बसून राहिल्या. पण त्यामुळे हजारो लोक उभे राहिले.

स्वाध्याय
१. रोझाबाई जागेवरून का उठल्या नाहीत?
२. बहिष्काराच्या काळात लोकांनी कोणते हाल सोसले?
३. तुमच्यासमोर कोणावर अन्याय झाला तर तुम्ही काय कराल?